खुर्ची उलटी करून पाहताना

वेताची जुनी खुर्ची हाती आली की आधी ती उलटी करावी. वरून दिसते ती वीण. ती बदलता येते. खालून दिसते ती चौकट. सांधे हलतात का, भोकांच्या रांगेला चीर गेली आहे का, पायांच्या तळाशी वाळवीची माती आहे का, आधीच्या दुरुस्तीत कुणी खिळे ठोकलेत का, हे सगळं खालूनच कळतं. चौकट सागाची किंवा शिसवाची असेल आणि सांधे घट्ट असतील, तर बैठक पार फाटून लोंबत असली तरी त्या खुर्चीला फारसं काही झालेलं नाही. वीण नवीकोरी आणि मागच्या पायाचा सांधा लुळा, ती खुर्ची खरी आजारी.

विणलेली बैठक हा खुर्चीचा झिजण्यासाठीच केलेला भाग आहे. चांगली हातवीण रोजच्या वापरात दहा-पंधरा वर्षं जाते, जपून वापरली तर त्याहून जास्त. मग ती कापून टाकायची आणि त्याच भोकांतून नवी विणायची. ज्या सुताराने चौकट केली त्याने हे धरूनच भोकं पाडलेली असतात. त्यामुळे "बैठक गेली" म्हणून सागाची खुर्ची भंगारवाल्याच्या गाडीवर चढताना दिसली की मला राग येतो. त्या गाडीवर खुर्चीचा टिकणारा भाग चाललेला असतो.

*

भंगारात गेली नाही, तर पुष्कळदा तिच्यावर प्लायवूड बसतं. सुतार येतो, फाटकी वीण कापतो, मापाचं प्लाय ठेवून चारी बाजूंनी खिळे मारतो, वर फोमची गादी. एका दुपारचं काम. खिळे जातात नेमके भोकांच्या रांगेत, कारण चौकटीला टेकण्याजोगी जागा तेवढीच असते, आणि आधीच भोकांनी कमजोर झालेली दांडी तिथे फाटते. शिवाय वेताच्या खुर्चीत बसण्याचं मुख्य सुख, अंगाखालून हवा खेळणं, तेच जातं.

हेही उलटवता येतं. खिळे पकडीने सरळ वर ओढून काढायचे, तिरके उपटायचे नाहीत. चिरेत पातळ सरस सोडून शिकंजा लावायचा आणि रात्रभर ठेवायचा. खिळ्यांची भोकं त्याच लाकडाच्या काड्यांनी बुजवायची, आणि मूळ भोकं जुन्या व्यासाच्या गिरमिटाने नुसती साफ करून घ्यायची. मोठी करायची नाहीत. भोक मोठं झालं की दोन भोकांमधलं लाकूड कमी होतं, आणि ओल्या पट्ट्या वाळून आवळल्या की ताण तिथेच येतो.

*

वेत म्हणजे बांबू नव्हे. दुकानात दोन्ही शेजारी असतात, बुरुड आळीत दोन्ही मिळतात, म्हणून घोटाळा होतो. बांबू गवताच्या कुळातला, आतून पोकळ. वेत ताडाच्या कुळातला, आतून भरीव, आणि वेलीसारखा चढणारा. कौटिल्याने अर्थशास्त्रात जंगलातल्या मालाची वर्गवारी केली आहे. तिथे वेळू वेगळ्या वर्गात आहे आणि वेत्र वल्लींच्या, म्हणजे वेलींच्या वर्गात. ज्याच्या कोठारात हा माल येत होता त्याला त्यातला फरक माहीत होता.

वेताला स्वतःच्या बळावर उभं राहता येत नाही. पानाच्या टोकाशी किंवा खोडावरून निघालेल्या लांब, उलट्या काट्यांच्या चाबकांनी तो शेजारचं झाड पकडतो आणि उजेडापर्यंत चढतो. काही जातींचं खोड शंभर मीटरच्या पुढे जातं. सिंधुदुर्ग, गोवा, कारवारकडच्या सदाहरित जंगलात फिरलेल्या माणसाला हे काटे आठवत असतील; कपड्यात अडकले की मागे सरल्याशिवाय सुटत नाहीत. तोडणारे खोड मुळाशी छाटून खाली ओढतात आणि काटेरी आवरण सोलून काढतात, तेव्हा आतून गुळगुळीत काठी निघते.

या काठीचे दोन माल होतात. बाहेरची चकचकीत साल सोलून काढली की तिच्या पट्ट्या होतात. खुर्चीच्या बैठका विणायच्या त्या याच. आतला गाभा यंत्रातून काढला की त्याच्या गोल किंवा चपट्या काड्या होतात. टोपल्या, झुले, विणीच्या पाठी, दिव्यांच्या छत्र्या त्यांतून बनतात. साल पाणी आणि रंग जवळजवळ पीत नाही. गाभा दोन्ही पितो. जपणुकीचे पुष्कळसे नियम या एका फरकातून निघतात.

*

दुरुस्तीला हात घालण्याआधी वस्तू कशाची आहे ते ओळखायला हवं. कापलेलं टोक शोधा. भरीव आणि बारीक छिद्रांचं असेल तर वेत. पोकळ आणि पेरांना पडदा असेल तर बांबू. काश्मीरहून आणलेल्या टोपल्या आणि खुर्च्या बहुधा विलोच्या बारीक फांद्यांच्या असतात. गांदरबलकडे हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं. दिल्ली-हरियाणाकडचे मुढे सरकंड्याचे, म्हणजे गवताच्या काड्यांचे.

आणि एक प्रकार असा आहे की तो धुतला तर संपला: कागदाचा. १९१७ साली अमेरिकेत मार्शल लॉइड नावाच्या कारखानदाराने जाड खाकी कागद पिळून त्याची दोरी केली, उभ्या दोऱ्यांमध्ये तार घातली आणि ती यंत्रावर विणून लाकडी सांगाड्यावर चढवली. लांबून तो वेतच वाटतो. जुन्या बंगल्यांच्या लिलावात अशा खुर्च्या अधूनमधून दिसतात. न दिसणाऱ्या जागी एखादं टोक नखाने उलगडून पाहावं. कागद असेल तर पीळ सुटतो. अशी खुर्ची ओल्या फडक्याने पुसायची, पाइपखाली धरायची नाही.

*

सुताराचं सूत अजून चलनात आहे, आणि वेतकामाला ते सोयीचं पडतं. एका भोकाच्या मध्यापासून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. तीन सूत असेल तर साधारण दोन मिलिमीटर रुंदीची पट्टी. चार सूत, म्हणजे अर्धा इंच असेल तर सव्वादोन मिलिमीटर. पाच सुताला अडीच. पट्टी रुंद निवडली तर तिरक्यांच्या वेळी भोकातून शिरत नाही. अरुंद निवडली तर वीण विरळ पडते आणि लवकर झोळ येतो. साध्या मापाच्या एका बैठकीला सुमारे पंचाहत्तर मीटर पट्टी लागते. विकत घेताना गुंडाळी वाकवून पाहावी. साल तडकत असेल तर माल जुना आणि सुकलेला आहे.

*

हातविणीचे सात टप्पे. पहिला उभा: मागच्या दांडीच्या मधल्या भोकातून पट्टी ओवायची, पुढच्या दांडीच्या मधल्या भोकात घालायची, खालून शेजारच्या भोकातून वर काढायची आणि परत मागे न्यायची. सुटू नये म्हणून भोकात लाकडी खुंटी. दुसरा आडवा, नुसता उभ्यांवर टाकलेला. तिसरा पुन्हा उभा, त्याच भोकांतून, आडव्यांच्या वरून आणि पहिल्या उभ्याच्या किंचित उजवीकडे. इथपर्यंत कशातच काही गुंतलेलं नसतं. नवशिक्याला वाटतं आपलं काहीतरी राहून गेलं. चौथ्या टप्प्यात, दुसऱ्या आडव्याला, पट्टी पहिल्यांदा खालीवर होते: वरच्या उभ्याच्या वरून, खालच्या उभ्याच्या खालून. हे झालं की पट्ट्या ओल्या असतानाच खुंटीच्या टोकाने जोड्या जवळ सारून चौकोन सरळ करून घ्यायचे. वाळल्यावर ते हलत नाहीत.

पाचवा आणि सहावा टप्पा तिरक्यांचा. एक तिरका उभ्या जोड्यांच्या वरून आणि आडव्या जोड्यांच्या खालून जातो, दुसरा नेमका उलटा. बैठकीवरची अष्टकोनी जाळी इथे उमटते. तिरका बरोबर चाललाय की नाही याची खूण हाताला कळते. बरोबर असेल तर तो जोडीच्या फटीत अलगद सरकतो. उलटा पडला असेल तर प्रत्येक ओढीला कडांवर घासतो आणि पुढे काही वर्षांनी तिथेच तुटतो. दिसायला दोन्ही सारखेच. सातवा टप्पा काठाचा: भोकांच्या रांगेवर रुंद पट्टी ठेवून ती बारीक पट्टीने बांधत जायचं.

पट्टी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवायची, मग ओल्या पंचात गुंडाळून ठेवायची आणि लागेल तशी काढायची. तासन्‌तास पाण्यात राहिली तर काळवंडते आणि सालीचे धागे सुटतात. चकचकीत बाजू नेहमी वर. गाठी सगळ्या खालून, शेजारच्या फेऱ्यात दोनदा अडकवून. आणि ओढ बेताची ठेवायची. ओली पट्टी वाळताना आपणहून आवळते. सुरुवातीलाच जोर लावला तर नंतर तुटते नाहीतर दांडी वाकवते. वाळल्यावर बोटाने टिचकी मारली तर बैठक डफासारखी वाजली पाहिजे.

*

मी हे काम ज्यांच्याकडे शिकले ते दृष्टिहीन आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी मला माझ्या डोळ्यांवर विसंबायची बंदी केली. "ताई, बघू नका. पट्टीवरून बोट फिरवा. कुठं अडतंय?" वेताच्या सालीवर जिथे जिथे पान फुटलेलं असतं तिथे पेर राहतं, हलकासा उंचवटा. एका दिशेने बोट नेलं तर ते घसरून जातं, उलट्या दिशेने नेलं तर खरखरतं. पट्टी नेहमी घसरत्या दिशेने ओढायची. खरखरत्या दिशेने ओढली तर प्रत्येक भोकात, प्रत्येक फटीत पेर अडकतं, आणि सालीला बारीक काप जातात. उजेडात, चष्मा लावूनही ते काप मला दिसत नव्हते. त्यांच्या बोटाला कळत होते.

सैल पडलेली ओळ ते तळहात सपाट ठेवून ओळखतात. सगळी बैठक एकदा चाचपतात आणि थेट त्या ओळीवर येऊन थांबतात. काठाची पट्टी बसवताना भोकं मोजत नाहीत. डाव्या अंगठ्याचं नख पुढच्या भोकात असतं आणि उजवा हात मागून येतो.

*

अंधशाळांत खुर्च्या विणणं हा पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेलेला उद्योग. मुंबईत अशा शाळा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच निघाल्या. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ची. हे काम स्पर्शाचं आहे आणि मोजणीचं आहे, म्हणून ते तिथे गेलं. त्याला गिऱ्हाईकही ठरलेलं होतं: सरकारी कचेऱ्या. कारकुनाच्या खुर्चीपासून साहेबाच्या खुर्चीपर्यंत सगळ्या बैठका वेताच्या, रोजच्या वापरातल्या, म्हणजे दर काही वर्षांनी पुन्हा विणायला येणार. मग चाकांच्या, फिरत्या, फोमच्या खुर्च्या आल्या आणि ते काम आटत गेलं.

आज ज्यांच्या हातात हे काम आहे त्यांपैकी पुष्कळ जण साठीच्या पुढचे आहेत. त्यांच्याकडे कसब आहे, खुर्च्या येत नाहीत. आणि ज्यांच्या माळ्यावर फाटक्या खुर्च्या आहेत ते म्हणतात, विणणारा मिळत नाही. दोघं एकाच शहरात राहतात. तुमच्या गावातल्या अंध संस्थेला एकदा फोन करून विचारा, ही माझी सगळ्यांना पहिली सूचना असते. पुण्यात बुरुड आळीत आणि मुंबईत माहीमच्या केनच्या दुकानांत विचारलं तरी कुणाचातरी पत्ता निघतो.

*

मजुरी ठरवताना भोकं मोजण्याची जुनी पद्धत आहे आणि ती मला न्यायाची वाटते. खुर्ची केवढी दिसते यापेक्षा चौकटीला भोकं किती यावर काम ठरतं. बारीक भोकांची छोटी खुर्ची मोठ्या ढोबळ खुर्चीपेक्षा जास्त वेळ खाते. हात बसलेल्या माणसालाही एका बैठकीला दोन-तीन दिवस लागू शकतात. तेवढ्या दिवसांची मजुरी, अधिक वेताची किंमत, असा हिशेब धरला की सांगितलेला आकडा मोठा वाटत नाही. घासाघीस करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

*

झोळ आलेल्या पण न तुटलेल्या बैठकीला नवी वीण लागत नाही. खुर्ची उलटी करा, कोमट पाण्यात बुडवून पिळलेला पंचा खालच्या बाजूवर पसरून अर्धा तास ठेवा, मग काढून सावलीत, वाऱ्यावर रात्रभर वाळू द्या. कुणी बसायचं नाही. खालूनच का, तर वरची साल पाणी घेत नाही, खालचा उघडा धागा घेतो, फुगतो, आणि वाळताना आखडतो. वर्षातून एकदा, चैत्राच्या आसपास हे केलं तर विणीचं आयुष्य वाढतं. एखादी पट्टी तुटलेली असेल तर मात्र आधी ती बदलून घ्यावी. एक तुटली की तिचा भार शेजारच्या दोघींवर जातो, आणि मग बैठक भराभर जाते.

प्लास्टिकच्या पट्टीला हा उपाय चालत नाही. ती एकदा ताणली की ताणलेलीच राहते. सध्या पुष्कळ ठिकाणी तीच लावतात, कारण स्वस्त आहे आणि भिजवावी लागत नाही. बाल्कनीत पावसात राहणाऱ्या खुर्चीला ठीक आहे. शिसवाच्या जुन्या चौकटीवर लावू नये. ती उन्हाळ्यात चिकटते, भोकांच्या कडा कापते, आणि तिचा पांढरा-पिवळा रंग कधीच मुरत नाही. वेत वर्षागणिक मधाळ होत जातो.

*

जाळीचा दुसरा प्रकार यंत्राचा. अमेरिकेत सायरस वेकफील्ड नावाच्या माणसाने १८४४च्या सुमारास बोस्टनच्या धक्क्यावर टाकून दिलेला वेत उचलला. पूर्वेकडून येणाऱ्या जहाजांत माल हलू नये म्हणून मध्ये वेताच्या मोळ्या घालत आणि पोचल्यावर फेकून देत. त्याने आधी सालीचा व्यापार केला, मग गाभ्याचं फर्निचर केलं, आणि त्याच्याच कारखान्यात पुढे वेताची जाळी मागावर विणायची युक्ती निघाली. तेव्हापासून जाळीचे ताव मिळू लागले.

अशा खुर्चीला भोकं नसतात, चौकटीत खाच असते. ताव भिजवून खाचेत लाकडी पाचरेने दाबायचा आणि वरून वेताची काडी ठोकून बसवायची. काढताना उलटं: खाचेवर गरम पाणी थेंबाथेंबाने सोडत राहायचं, सरस मऊ झाला की अरुंद पटाशीने काडी उचलायची. घाई केली की खाचेची कड उडते.

खाचेत चिकटवायला साधा सरस किंवा पांढरा डिंकच वापरावा. एपॉक्सी कधीही नको. दहा-पंधरा वर्षांनी कुणालातरी हा ताव काढायचा आहे, आणि एपॉक्सी पाण्याने सुटत नाही. त्याला खाच कापावी लागेल.

*

फर्निचरचा कारखानदार मायकेल थोनेटची १४ नंबरची खुर्ची १८५९ची. वाफेने वाकवलेलं बीचचं लाकूड, मोजके सुटे भाग, मळसूत्रांनी जोडलेले, आणि गोल कड्यात वेताची बैठक. एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्यांचे सुटे भाग मावत. मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या याच घराण्यातल्या. त्यांतल्या बऱ्याचशांवर आज ठशाचं प्लाय दिसतं. काहींना ते मुळातच असतं. चोर बाजारात किंवा ओशिवऱ्याला अशी खुर्ची मिळाली तर प्लायखालचं कडं पाहावं. आतल्या कडेला भोकांची रांग असेल तर ती वेताची होती आणि पुन्हा होऊ शकते.

*

चंडीगडची गोष्ट या कामातल्या प्रत्येकाला माहीत असावी. १९५०च्या दशकात ते शहर उभं राहत असताना शहराचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्ब्युझिएचा चुलतभाऊ, वास्तुकार पिएर जानरे तिथे राहून काम करत होता, १९६५पर्यंत राहिला. कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ, ग्रंथालयं, सगळ्यांना फर्निचर हवं होतं आणि पैसे बेताचे होते. साग, वेत आणि स्थानिक सुतार, एवढ्यावर त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नमुने केले. उलट्या व्हीच्या आकाराचे पाय, सपाट हात, बैठक आणि पाठ वेताची. हजारोंनी बनल्या. कुठल्याही कारकुनाने त्यावर बसावं यासाठीच होत्या.

पुढे वीण फाटत गेली, नव्या खुर्च्या आल्या, आणि या खुर्च्या कचेऱ्यांच्या गच्च्यांवर, मागच्या अंगणात, एकावर एक रचून पडल्या. सरकारने त्या भंगार म्हणून लिलावात काढल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या गठ्ठ्याने घेतल्या, नव्याने विणून, पॉलिश करून पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत मांडल्या. तिथे एकेक खुर्ची लाखो रुपयांना गेली. २०११मध्ये केंद्रीय गृहखात्याने त्यांची विक्री थांबवली.

लोक या गोष्टीत किमतीकडे पाहतात. मी वेगळ्या ठिकाणी अडते. त्या खुर्च्यांचं नेमकं काय बिघडलं होतं? वीण फाटली होती. साग शाबूत होता. ज्या देशात विणणारे हात अंधशाळांपासून बुरुडांपर्यंत सगळीकडे होते, त्या देशात ती वीण पुन्हा घालायचं काम कुणाच्या वहीत लिहिलेलं नव्हतं. विकत घेणाऱ्यांनी पहिलं काम तेच केलं.

संग्राहक विचारतात, वेत नवा आहे म्हणजे खुर्ची मूळची राहिली का? राहिली. रोज आठ तास वापरलेल्या कचेरीच्या खुर्चीची वीण पन्नास वर्षं टिकत नाही. मधल्या काळात ती कुणीतरी बदललेलीच असणार. भोकांचं अंतर, पट्टीची रुंदी आणि जाळीचा नमुना जुना ठेवला तर तेच मूळ. जुन्या विणीचा एक तुकडा मात्र जपून ठेवावा, आणि कापण्याआधी वरून-खालून फोटो काढावेत.

*

हवा. वेताला दमट हवा मानवते, पण कोंदट नाही. कोकणात आणि गोव्यात चौकटीला वाळवी आणि विणीला बुरशी ही भीती. वीण तडकण्याची तक्रार सहसा नसते. गोव्यातल्या जुन्या घरांच्या दिवाणखान्यांतली शिसवी बाकं आणि खुर्च्या वेतासकट टिकल्या, त्यात खेळत्या दमट हवेचा हात आहे. पावसाळ्यात भिंतीपासून वीतभर दूर ठेवाव्या, आठवड्याला कोरड्या कुंचल्याने झाडाव्या. बुरशी आलीच तर व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन पुसावं आणि वाऱ्यावर ठेवावं. बंद खोलीत, प्लास्टिकच्या खोळीत ठेवणं सगळ्यात वाईट.

नागपूर, अकोला, परभणीकडे उलटं. वैशाखात हवा इतकी कोरडी होते की बसताच पट्ट्या करकरतात. तिथे उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी खालून ओला पंचा फिरवावा. एसीच्या खोलीलाही हाच नियम, बारा महिने. आणि वाळवायला म्हणून रणरणत्या उन्हात कधीही ठेवू नये. सावली आणि वारा पुरतो.

*

ढेकूण हा शब्द आता कुणी काढत नाही, पण वेताच्या खुर्चीची जुनी बदनामी त्याच्यामुळे आहे. भोकं आणि काठाची पट्टी ही त्यांची राहायची जागा. घरोघरी उकळतं पाणी ओतून खुर्च्या अंगणात ठेवत. त्याने ढेकूण मरत, पण सरसही सुटे आणि पॉलिश पांढरं पडे. वाफ त्यापेक्षा बरी. कपड्यांच्या वाफेच्या इस्त्रीची नळी काठावरून सावकाश फिरवावी.

भुंग्याची खूण म्हणजे खुर्चीखाली पडलेलं बारीक पीठ. दिसलं की ती खुर्ची आधी इतर लाकडी सामानापासून दूर न्यायची. विणीतच पोखर असेल तर वीण कापून टाकावी, वाचवत बसू नये. चौकटीत असेल तर छिद्रात सुईने वाळवीचं औषध सोडून मेणाने बुजवावं, आणि महिनाभर खाली काळा कागद अंथरून पुन्हा पीठ पडतं का पाहावं. संग्रहालयांत लहान वस्तू पिशवीत बंद करून उणे वीस अंशांच्या शीतपेटीत ठेवतात.

*

वेत रंगवू नये. ऑइलपेंटचा थर विणीबरोबर लवत नाही, तडकतो, फटीत गोळा होतो आणि खालचा धागा बुजवतो, मग ओल्या पंचाचा उपायही चालत नाही. आधीच रंगवलेली खुर्ची असेल तर सुटणारा रंग ब्रशने झाडावा आणि बाकीचा राहू द्यावा. रंग काढण्याचं औषध गाभ्याच्या काड्या फुगवतं. चौकटीला चपड्याचं पॉलिश, विणीला काही नाही, असं माझं धोरण आहे. गाभ्याच्या विणीला, सुकून फिकी पडली असेल तरच, जवसाचं तेल थोड्या टर्पेंटाइनमध्ये पातळ करून एक हात द्यावा आणि जास्तीचं लगेच पुसावं.

तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडक्यांचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात बुडवून किंवा दोरीवर पसरून वाळवून मगच फेका.

*

भरीव वेताच्या सोफ्याला वीण नसते, सांध्यांवर पट्टीचे वेढे असतात. तेच आधी सुटतात. एका पायाचा वेढा सुटला की लोक सेलोटेप लावतात आणि सहा महिन्यांत सांधा डुगडुगतो, कारण तो वेढा शोभेचा नसतो, सांधा तोच धरून ठेवतो. पट्टी भिजवून, एक टोक आडवं दाबून, त्यावरूनच वेढे घेत यायचं, प्रत्येक वेढा आधीच्याला खेटून. शेवटचे चार वेढे सैल ठेवून टोक त्यांच्याखालून घालायचं, मग ते चारही एकेक करून आवळायचे. बारीक चुकेने पक्कं करायचं. हे घरच्या घरी जमतं, दहा-बारा वर्षांच्या मुलालाही.

*

चांगला वेत मिळवणं अवघड होत चाललं आहे. जगातला बहुतेक वेत इंडोनेशियातून येतो, आणि २०१२पासून तिथून कच्चा वेत बाहेर जाऊ देत नाहीत. तयार मालच द्यायचा असं त्यांचं धोरण. आपल्याकडे आसाम, त्रिपुरा, अंदमान आणि सह्याद्रीत वेत आहे. आसामचा जाती बेत बारीक विणीला फार चांगला. म्हणून गुंडाळी घेताना मी जरा जास्तीची घेते, आणि काम झाल्यावर उरलेली सैल वेटोळी करून जुन्या सुती कपड्यात, हवेशीर कपाटात ठेवते. वेटोळ्याला चिठ्ठी बांधायची: पट्टीची रुंदी, कुठल्या खुर्चीला लावली, विणल्याचं साल. तीच नोंद खुर्चीच्या मागच्या दांडीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने, विणणाऱ्याच्या नावासह.